या डब्यात कुणाचा आंबा?

रत्नागिरीकडच्या कॅनिंगच्या कारखान्यात मे महिन्यात आमरसाच्या डब्यांच्या थप्प्या छताला टेकतात, आणि त्यातल्या बऱ्याच डब्यांवर लेबल नसतं. नुसता चकचकीत पत्रा. लेबल लागतं ते गिऱ्हाईक ठरल्यावर, कधी चार महिन्यांनी. एकाच दिवसाचा रस एका नावाने आखातात जातो आणि दुसऱ्या नावाने पुण्यातल्या मिठाईवाल्याकडे. तोवर डब्याची ओळख म्हणजे झाकणावर उमटवलेली आठ-दहा अक्षरं. हा बॅच नंबर. पाकीटबंद खाद्यपदार्थावर तो हवा असा आपल्याकडे नियमच असल्यामुळे छापतात सगळेच. पण तो नंबर वाचून कुणी विचारलं, की बाबा, या डब्यात कुणाचा आंबा आहे, तर उत्तर मिळतं का?

ते उत्तर मे महिन्यात ठरत नाही. ज्याने कुणी कारखान्याच्या साठ्याचं सॉफ्टवेअर लिहिलं त्याने केव्हातरी बसून ‘लॉट म्हणजे काय’ हे ठरवलेलं असतं. किंवा ठरवलेलंच नसतं, आणि ही दुसरी शक्यता जास्त.

खुणेवरून माल ओळखणं कोकणाला नवीन नाही. लाकडी पेटी, आत पेंढा, फळीवर रंगाने घातलेला बागायतदाराचा मार्का, म्हणजे दोन-तीन अक्षरं, आणि शेजारी पेटी किती डझनाची तो आकडा. पेटी मुंबईत दलालाच्या गाळ्यावर उतरली की मार्का बघून ती कुणाच्या खात्यावर घालायची ते कळे आणि हिशेबपट्टी त्याच नावाने गावाला परत येई. लाकडाचा पुठ्ठा झाला, क्रॉफर्ड मार्केटच्या जागी वाशी आली, मार्का मात्र टिकला. ही व्यवस्था इतकी वर्षं चालली, कारण बागेत बंद झालेली पेटी विक्रीच्या वेळीच उघडायची. वाटेत तिच्यात दुसऱ्याचा आंबा पडला नाही तर दोन अक्षरं पुरतात. माग काढणं अवघड होतं ते पेटी उघडल्यावर, आणि कारखान्यात तर पहिलं काम पेटी उघडण्याचंच.

माग ठेवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक लॉटची. युरोपने १९८९ च्या निर्देशात लॉटची जी व्याख्या केली ती अजून कामाला येते: व्यवहारात सारख्याच म्हणता येतील अशा परिस्थितीत तयार झालेल्या किंवा बांधलेल्या नगांचा गट. गटातला प्रत्येक डबा दुसऱ्यासारखाच, म्हणून सगळ्यांना एकच नंबर. दुसरी तऱ्हा अनुक्रमांकाची, म्हणजे सिरीयल नंबरची. इथे प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर आणि स्वतःचा इतिहास. डब्याला झाकण बसवणारं सीमिंग यंत्र, इलेक्ट्रॉनिक काटा, रेफ्रिजरेटेड कंटेनर यांना अनुक्रमांक शोभतो. काटा कधी तपासला, कुणी दुरुस्त केला, वॉरंटी कधी संपते, हे प्रश्न त्या एका काट्याचे असतात. लॉटचे प्रश्न वेगळे: कशापासून झाला, कशात गेला, अजून किती आणि कुठे शिल्लक आहे. बरीच स्वस्त सॉफ्टवेअर दोन्हींना ‘लॉट/सिरीयल’ अशा एकाच रकान्यात कोंबतात. सुरुवातीला सोयीचं वाटतं. पुढे अनुक्रमांकाच्या नगाची शिल्लक ३ दिसायला लागते, जी एक किंवा शून्य याशिवाय काही असूच शकत नाही, आणि मग कुणीतरी रविवारी येऊन आकडे जुळवत बसतो.

आता काट्यापासून टाकीपर्यंत आंब्याच्या मागोमाग जाऊन बघू.

टेम्पो काट्यावर आला, वजन झालं, पावती फाटली. इथेच पहिला निर्णय. लॉट टेम्पोचा धरायचा की बागायतदाराचा? एका टेम्पोत एकाच वाडीतल्या तिघांचा माल असेल तर तीन लॉट, हे सरळ. पण माल गोळा करणाऱ्याने वाटेतच क्रेट एकत्र केले असतील तर तिघांची नावं तीन लॉटवर वाटून टाकणं म्हणजे कागदावर खोटं लिहिणं. तेव्हा एकच लॉट करावा आणि त्याला तीन उगम जोडावेत. लॉट कुठे जन्मतो याचा माझ्यापुरता नियम असा, की मिसळण्याच्या आधीची जी शेवटची जागा आपल्या ताब्यात आहे ती जन्मजागा. त्याआधीचं आपल्याला ठाऊक नाही, त्यानंतरचं नाकारता येत नाही.

मग आंबा पिकायला ठेवतात. हापूस एका दिवशी काढला म्हणून एका दिवशी पिकत नाही. चौथ्या दिवशी चाळीस क्रेट उचलण्याजोगे होतात, बाकीचे सहाव्या-सातव्या दिवशी. म्हणजे लॉट आपोआप फुटतो, आणि सॉफ्टवेअरला क्रेटच्या पातळीवर उतरावं लागतं. इथे हटकून होणारी चूक म्हणजे क्रेटच्या नंबरालाच लॉट समजणं. क्रेटचा नंबर प्लॅस्टिकवर कायमचा ठोकलेला असतो. तो क्रेटचा अनुक्रमांक झाला. आज त्यात नाचणे गावचा आंबा आहे, परवा धुऊन त्यात पावस गावचा भरणार. ‘क्रेट अमुक, या वेळेपासून त्या वेळेपर्यंत, त्यात तमुक लॉट’ अशी नोंद हवी. वेळेची ही दोन टोकं गाळली की दोन बागायतदारांचा आंबा कॉम्प्युटरमध्ये एकमेकांत शिरतो, प्रत्यक्षात तो एकमेकांच्या जवळपासही गेलेला नसताना.

पिकताना वजनही घटतं. काट्यावर हजार किलो आलेला आंबा कापायला नेताना हजार भरत नाही, शिवाय सडका बाजूला काढावा लागतो. घट त्या त्या लॉटवर लिहिण्याची सोय नसली की हंगामाच्या शेवटी शिल्लक जुळत नाही, आणि जुळवण्यासाठी कारकून शेजारच्या लॉटमधून वीस किलो उचलतो. हिशेब बरोबर, माग तुटलेला. बागेतला माणूस डझनात मोजतो, कारखाना किलोत, गोदाम डब्यांत आणि निर्यातवाला कार्टनमध्ये. म्हणून प्रत्येक नोंदीत आकडा आणि माप दोन्ही, मूळचे जसेच्या तसे ठेवावेत. रूपांतर नंतर कितीही वेळा करता येतं. रूपांतर करून ठेवलेल्या आकड्यातून मूळ मात्र परत काढता येत नाही.

मग टाकी. सगळी गंमत इथे आहे.

समजा टाकीत दोन टन रस मावतो. निम्मा रस सुटतो असं धरलं तर तिच्यासाठी चार टन आंबा लागला, आणि तो सहा लॉटमधून आला. हा रस ३.१ किलोच्या डब्यांत भरला की ६४५ डबे होतात. दिवसभरात अशा पाच टाक्या उतरल्या, म्हणजे ३,२२५ डबे. महिन्याभराने कळलं की पहिल्या टाकीत गेलेल्या सहांपैकी एका लॉटमध्ये कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर होता. झाकणावर नुसती तारीख छापली असेल तर ३,२२५ डबे परत बोलवायला लागतात. टाकीवार बॅच असेल तर ६४५. छपाईच्या यंत्रात दिवसातून चार वेळा एक अक्षर बदलायचा कंटाळा केला, त्याची किंमत अडीच हजार डबे.

पण थांबा. पहिली टाकी पूर्ण रिकामी झाली होती का? तळाला शंभर किलो रस राहिला आणि त्यावर दुसरा घाणा ओतला, तर दुसऱ्या टाकीत पहिल्याचा अंश आला. दुसऱ्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा चौथ्यात. प्रमाण प्रत्येक वेळी घटत जाईल, पण ‘या डब्यात त्या बागेचा आंबा मुळीच नाही’ असं कुणालाही लिहून देता येणार नाही. म्हणजे बॅचची हद्द घड्याळ ठरवत नाही, टाकी कधी धुतली ते ठरवतं. दोन धुण्यांच्या मधलं सगळं एक. म्हणून चांगल्या रचनेत ‘टाकी धुतली’ ही नोंद खरेदीच्या नोंदीइतकीच मानाची असते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती नसतेच, कारण धुण्याचं बिल येत नाही.

या सगळ्यातून आतल्या तक्त्यांची आखणी कशी असावी ते जवळजवळ आपोआप ठरतं. ‘लॉट अमुक, शिल्लक तमुक’ असा एकच आकडा ठेवून तो कमीजास्त करत राहणं ही नवशिक्याची रचना. शिल्लक साठवायची नसते, हालचाली साठवायच्या असतात: कोणता माल, कोणता लॉट, किती, कुठून कुठे, केव्हा, कोणत्या कागदावरून. शिल्लक म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज. चूक झाली तर नोंद खोडायची नाही, उलटी नोंद घालायची. जमाखर्च लिहिणाऱ्या जुन्या दिवाणजींना हे सांगावं लागलं नसतं. मिसळण्याची नोंद वेगळ्या जातीची असते: एका बाजूला आत गेलेले लॉट आणि त्यांची वजनं, दुसऱ्या बाजूला तयार झालेला नवा लॉट. अशा नोंदी एकाखाली एक जोडल्या की वंशावळ तयार होते. डब्यापासून वर चढलं की बागा सापडतात, बागेपासून खाली उतरलं की डबे.

वंशावळीत एक चकवा आहे. काही डब्यांची शिवण गळकी निघते, काहींना पोचे पडतात. त्यातला चांगला रस काढून दुसऱ्या दिवशीच्या टाकीत घातला जातो. त्या टाकीला आदल्या दिवसाचाच नंबर दिला तर लॉट स्वतःचाच बाप होतो, आणि वर चढत निघालेला प्रोग्रॅम गोल गोल फिरत बसतो. पुन्हा प्रक्रिया केलेल्या मालाला नवा नंबर, हा नियम म्हणूनच. तो कागदी हट्ट वाटला तरी मोडू नये.

आता खुद्द नंबर. कारखान्याच्या मालकाला नंबर बोलका हवा असतो: गाव, तारीख, प्रत, टाकी, सगळं त्यातच. पुरवठादाराचं टोपणनाव घालणारेही भेटतात. वाचायला छान, पण आज ‘ए’ प्रतीचा ठरलेला लॉट तपासणीनंतर ‘बी’ झाला की नंबर खोटा बोलू लागतो, आणि तो तर झाकणावर छापून गेलेला. नंबरात तेवढंच घालावं जे कधीच बदलणार नाही. वर्ष आणि चढता क्रमांक पुरे. बाकी सगळं लॉटच्या नोंदीत, जिथे ते बदलता येतं आणि कधी बदललं तेही लिहिता येतं. बाहेरून येणाऱ्या मालावर पुरवठादाराचा नंबर असतो. साखरेच्या पोत्यावर ‘००१’, सायट्रिक ॲसिडच्या पिंपावरही ‘००१’. नुसत्या नंबरावरून ओळख होत नाही, मालासकट होते. जगभरच्या बारकोडची भाषा ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेच्या पद्धतीतही हेच आहे. तिथे ०१ या खुणेमागे वस्तूचा क्रमांक येतो, १० मागे लॉट, १७ मागे मुदत आणि २१ मागे अनुक्रमांक. लॉटला जास्तीत जास्त वीस अक्षरं मिळतात, आणि वस्तूच्या क्रमांकाशिवाय त्याला अर्थ नाही. बारीक गोष्ट, पण रडवणारी: नंबर दिसतो आकड्यांचा, तरी तो अक्षरं म्हणूनच साठवावा. एक्सेलमधून फिरून आला की ‘००१’चा ‘१’ होतो आणि पोतं हरवतं.

हे सगळं कशासाठी, असं विचारणारे कोकणात २०१४ पर्यंत बरेच होते. त्या वर्षी १ मे पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्याची आयात बंद केली. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. कारण फळमाशी आणि इतर किडी: २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये त्या सापडल्या होत्या. ऐन हंगामात दार बंद झालं आणि २०१५ च्या सुरुवातीला आंब्यासाठी उघडलं. किडका माल काही मोजक्या ठिकाणचा असेल, शिक्षा सरसकट सगळ्यांना झाली. माल वेगळा काढून दाखवता येत नाही तेव्हा लॉटचा आकार देशाएवढा होतो.

द्राक्षवाल्यांना हा धडा आधी मिळाला होता. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षं कीटकनाशकाच्या अंशापायी अडकली, आणि २००६ मध्ये शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाने ‘ग्रेपनेट’ उभारलं. प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस आणि निर्यातीचं प्रमाणपत्र एका साखळीत. त्याच वाटेने पुढे आंब्यासाठी ‘मँगोनेट’ आलं. निर्यात करू पाहणारा बागायतदार सातबारा आणि बागेचा नकाशा घेऊन कृषी खात्याकडे बागेची नोंदणी करतो, आणि तो नोंदणी क्रमांक पुढे खेपेबरोबर प्रवास करतो. रत्नागिरीत नाचण्याला पणन मंडळाचं आंबा निर्यात सुविधा केंद्र आहे. अशा ठिकाणी लॉट पुन्हा फुटतो, या वेळी देशांवरून. जपानला जायचा आंबा उष्ण बाष्पाने ४७.५ अंशांवर वीस मिनिटं ठेवावा लागतो, युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवण्याची पद्धत आहे, अमेरिकेला किमान ४०० ग्रे विकिरण लागतं. त्या विकिरणाच्या अटीवरच २००७ मध्ये अमेरिकेचं दार उघडलं, लासलगावच्या केंद्रातून. एकाच बागेचा, एकाच दिवशी काढलेला आंबा यानंतर तीन वेगळे लॉट असतो, कारण ‘सारखी परिस्थिती’ संपली.

आंब्यावरूनच जगभर गाजलेला एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या वॉलमार्टचे अन्नसुरक्षा प्रमुख फ्रँक यियान्नास यांनी कापलेल्या आंब्याचं एक पाकीट आपल्या माणसांपुढे ठेवलं आणि याची बाग शोधा म्हणाले. सहा दिवस, अठरा तास आणि सव्वीस मिनिटं लागली. पुढे ब्लॉकचेनवर तीच साखळी उभी केल्यावर उत्तर २.२ सेकंदांत आलं. ही गोष्ट ब्लॉकचेन विकणाऱ्यांनी इतकी सांगितली की तिच्यातला खरा भाग झाकला गेला. दुसऱ्या वेळी बागेपासून दुकानापर्यंत प्रत्येकाने आपल्या हातचा लॉट आधीच लिहून ठेवला होता. तो लिहिलेला असला तर साध्या डेटाबेसमधूनही उत्तर सेकंदांत निघतं. लिहिलेला नसला तर ब्लॉकचेनच्या बापालाही सापडणार नाही. यियान्नास नंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात गेले, आणि २०२२ मध्ये तिथे माग ठेवण्याचा जो नियम झाला त्यात ताजा आंबाही आहे. सरकारने मागितल्यावर साधारण चोवीस तासांत लॉटवार माहिती द्यायची, असा त्याचा रोख. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलून जुलै २०२८ झाली आहे. युरोपात एक पायरी मागे आणि एक पायरी पुढे दाखवता आलीच पाहिजे, हा नियम १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. आपल्याकडे अन्न परत बोलावण्याचे नियम २०१७ मध्ये आले.

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर हाच पेच खाऱ्या पाण्यात दिसतो. २०१० पासून युरोपला जाणाऱ्या समुद्रातल्या मासळीबरोबर ती कोणत्या नौकेने पकडली याचं प्रमाणपत्र लागतं. बंदरात मात्र अनेक नौकांची मासळी बर्फाच्या पेट्यांत एकत्र होते, आणि पुढे तिचा लगदा करून सुरिमी बनली की आमरसाच्या टाकीचीच कथा.

आता उलट टोक. शेजारच्या सिंधुदुर्गात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून पेटीला नव्हे, प्रत्येक आंब्याला अनुक्रमांक दिला. फळावर स्टिकर, स्टिकरवर कोड. कोडचा एक भाग वर दिसतो, दुसरा स्टिकर काढल्यावर खाली. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, मग लपलेला भाग विचारला जातो, तो जुळला तर आंबा कुणाचा आणि कुठल्या गावचा ते कळतं. हा खटाटोप कशासाठी ते वाशीत एक फेरी मारली की समजतं. कर्नाटकातला आंबा रत्नागिरी किंवा देवगडच्या नावाने विकला जातो, हे काही गुपित नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी, पण मानांकन पेटीवर आपोआप उमटत नाही. पेटीवर क्यूआर कोड छापला तर तो उद्या झेरॉक्सच्या दुकानात निघतो. क्यूआर म्हणजे शेवटी चौकटीत लिहिलेला मजकूर. त्याची नक्कल मुळाइतकीच खरी दिसते.

देवगडच्या पद्धतीतली मला आवडलेली गोष्ट स्टिकर ही नाही. बागायतदाराला किती स्टिकर द्यायचे हे त्याच्या झाडांवरून आणि उत्पादनावरून ठरवलं, ही आहे. पन्नास कलमांच्या मालकाला लाखभर स्टिकर मिळत नाहीत. साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाच ताळा हवा: आत आलेल्यातून जेवढं निघू शकतं त्यापेक्षा बाहेर गेलेलं जास्त असू शकत नाही. चार टन आंब्यातून साडेतीन टन रस निघाला असं कुणी लिहिलं तर ते पडद्यावर तिथल्या तिथे अडलं पाहिजे. नक्कल पकडायची दुसरी युक्ती फक्त अनुक्रमांकालाच जमते. एकाच आंब्याची चौकशी एका दिवशी पुण्यातून आणि अहमदाबादेतून आली, तर त्यातला एक नक्की खोटा.

मग सगळीकडेच अनुक्रमांक का लावू नये? पाच डझनांची पेटी म्हणजे साठ नोंदी, दोनशे पेट्यांचा ट्रक म्हणजे बारा हजार. प्रत्येक चढउतारावर बारा हजार फळं स्कॅन करायला कोण बसणार? यावर उपाय असा, की फळ पेटीत आणि पेटी पॅलेटमध्ये अशी बांधणी एकदाच नोंदवायची आणि पुढे फक्त पॅलेट स्कॅन करायचं. पण वाटेत कुणी पेटी उघडून डागी आंबा बदलला की कॉम्प्युटरमधली पेटी आणि हातातली पेटी वेगळी. देवगडच्या पद्धतीत फळाच्या प्रत्येक मुक्कामाची नोंद लागत नाही. जन्म आणि शेवट, ही दोनच टोकं पुरतात, कारण तिथला प्रश्न ‘अस्सल आहे का’ एवढाच आहे. आधी प्रश्न ठरवावा, मग माग किती बारीक ठेवायचा ते.

लॉटची मर्यादा दाखवणारं जगातलं प्रसिद्ध उदाहरण १९८२ चं, शिकागोचं. टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड सापडलं, सात माणसं गेली. कंपनीने आधी एक लॉट परत बोलावला. मग विषारी बाटल्या दुसऱ्या लॉटमधल्याही निघाल्या, कारण विष कारखान्यात नव्हे, बाटल्या दुकानांत पोचल्यावर घातलं गेलं असं तपासात दिसलं. अखेर सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत घेतल्या. लॉट नंबर कारखान्याच्या दारापर्यंतची गोष्ट सांगतो, पुढची जबाबदारी सीलची. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या तीनशे खपाऊ ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात इतर तपशिलांबरोबर बॅच नंबरही असतो.

रचना कितीही चांगली असो, ती वापरणारा हात रात्री अकरा वाजता आंब्याच्या चिकाने माखलेला असतो. मोबाइलला रेंज नाही, वळवाच्या पावसाने वीज गेलेली, बाहेर दोन टेम्पो हॉर्न वाजवतायत. पडद्यावर लॉटचा रकाना सक्तीचा केला आणि पटकन निवडायला ‘मागचाच लॉट’ असं बटण दिलं, की सकाळपर्यंत सगळा आंबा एकाच बागायतदाराचा झालेला असतो. नोंद पूर्ण, माहिती शून्य. लॉट निवडायला न लावता क्रेटवरचा कोड वाचून घ्यावा. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहावी आणि प्रत्यक्ष घडल्याची वेळ व नोंद पोचल्याची वेळ वेगवेगळी ठेवावी. आणि पडद्यावर ‘माहीत नाही’ असं एक बटण असावं. हे ऐकून हिशेब तपासणारे दचकतात. पण ‘माहीत नाही’ लिहिलेल्या क्रेटच्या बाबतीत प्रोग्रॅम त्या रात्री आवारात असलेले सगळे लॉट संशयित धरू शकतो. जाळं मोठं पडेल, मासा सुटणार नाही. दडपून भरलेल्या खोट्या लॉटमुळे जाळं नेमकं चुकीच्या जागी पडतं.

संशयित लॉट थांबवण्याचा शिक्का लॉटवरच हवा, गोदामावर किंवा रॅकवर नको. लॉट अनेक जागी विखुरलेला असतो. एका ठिकाणी ‘थांबवा’ म्हटलं की रत्नागिरीचं गोदाम, वाशीचं शीतगृह आणि वाटेवरचा ट्रक तिन्ही ठिकाणी त्याचं चलन निघणं बंद व्हायला हवं.

आणि हे सगळं चालतं का ते बघायला खरं संकट येण्याची वाट पाहू नये. जूनमध्ये हंगाम आटोपला, यंत्रं धुऊन झाकली, की थप्पीतला कुठलाही एक डबा उचलावा आणि घड्याळ लावून बसावं. मागे जाऊन बागा, पुढे जाऊन त्याचे सगळे भाऊ. आपल्या मघाच्या टाकीचे ६४५ डबे घ्या. सहा डब्यांचा कार्टन धरला तर १०७ कार्टन, म्हणजे ६४२ डबे. नव्वद कार्टन गेले, सतरा गोदामात आहेत, कागद आणि फळी जुळते. राहिले तीन. एक प्रयोगशाळेसाठी राखलेला नमुना, त्याची नोंद सापडते. एक पोचा पडलेला, तोही भंगाराच्या नोंदीत आहे. तिसरा कुठेच नाही. अर्धा दिवस शोधल्यावर पॅकिंगवरची एखादी काकू सांगते, शेवटच्या दिवशी पुऱ्या केल्या होत्या ना, तेव्हा फोडला. सॉफ्टवेअरमध्ये माल कमी होण्याची कारणं निवडायची यादी असते: विक्री, नमुना, खराब, घट. त्यात ‘खाल्ला’ हे कारण नव्हतं, म्हणून कुणी लिहिलं नाही. ते यादीत घालायला दोन मिनिटं लागतात.